वेध आणि नोंद : आकाशातील संकटांच्या निरीक्षणाचा महाराष्ट्रातील इतिहास

(१)

मराठीत ‘वेध’ हा शब्द दोन वेगळ्या प्रसंगी योजिला जातो. ज्योतिर्विद ग्रहांचे वेध घेतो, आणि सामान्य माणसाला ग्रहणाचे वेध लागतात. पहिल्या प्रयोगात नेमके मोजण्याची क्रिया अभिप्रेत आहे. दुसऱ्या प्रयोगात येऊ घातलेल्या घटनेची आधीच पडलेली छाया अभिप्रेत आहे. दोहोंचे मूळ ‘व्यध्’, म्हणजे भेदणे, ह्या एकाच धातूत आहे. हे दोन अर्थ एका शब्दात नांदतात ह्याला ऐतिहासिक कारणही आहे. ग्रहणाचे वेध कोणत्या घटकेला लागतील हे पंचांगकर्त्याला सांगता येते, कारण त्याच्या पूर्वी कित्येक पिढ्यांनी सूर्यचंद्रांचे वेध घेऊन ठेविले होते. मोजणी आधी झाली, म्हणूनच पूर्वसूचना शक्य झाली.

ग्रहणासारखी नियमित नसलेली जी आकाशीय घटना, तिला प्राचीनांनी ‘उत्पात’ असे नाव दिले. वराहमिहिराने बृहत्संहितेत उत्पातांचे दिव्य, आंतरिक्ष व भौम असे तीन वर्ग केले आहेत. ग्रहनक्षत्रांमधील विकार हे दिव्य. उल्का, निर्घात, परिवेष इत्यादी आंतरिक्ष. आणि भूमीवरील चराचरांत दिसणारे ते भौम. ह्या वर्गीकरणात निरीक्षण सूक्ष्म आहे, तथापि उत्पाताचा काळ आधी सांगण्याचे साधन त्यात नाही. जे मोजून ठेविले नाही त्याची शांती करता येते, त्याचे गणित मांडता येत नाही.

आज अशा घटनांकडे पाहण्याची मनुष्याची गरज पालटली आहे. दळणवळण, हवामानाचा अंदाज, नौकानयन, विमानवाहतूक आणि वीजपुरवठा ह्यांचा मोठा भाग उपग्रहांवर किंवा सूर्याच्या क्षोभाने बाधित होऊ शकणाऱ्या यंत्रणांवर अवलंबून आहे. सूर्यावरील स्फोट, पृथ्वीभोवती फिरणारे निरुपयोगी यंत्रभाग आणि आकाशातून येणारे पाषाण ह्या तीन संकटांवर पाळत ठेवण्याचे कार्य अनेक राष्ट्रे करीत आहेत. हे कार्य सर्वस्वी अर्वाचीन व सर्वस्वी परदेशीय आहे असा समज सहज होतो. प्रत्यक्षात त्याच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण मुंबईच्या कुलाब्यास व अलिबागेस घडले आहे, आणि त्याचे अलीकडील प्रत्यंतर विदर्भात काटोल व सिंदेवाही येथे आले आहे. त्या प्रकरणाचा आढावा घेताना एक गोष्ट ठळकपणे दिसून येते: संकटापासून रक्षण करण्याचे सामर्थ्य यंत्राच्या नवेपणातून येते त्यापेक्षा नोंदीच्या अखंडतेतून अधिक येते.

(२)

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केली, ती मुख्यतः ज्योतिषविषयक वेधांसाठी व बंदरातील जहाजांना अचूक वेळ कळावी म्हणून. तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित निरीक्षणे १८४१ मध्ये सुरू झाली. त्या काळी युरोपात गाउस ह्या जर्मन गणितज्ञाच्या प्रेरणेने जगभर एकाच पद्धतीने चुंबकीय निरीक्षणे करण्याची चळवळ जोरात होती. तिला अनुसरून कंपनीच्या अमलाखाली मद्रास, शिमला, सिंगापूर व मुंबई येथे अशी केंद्रे उभी राहिली. त्यांपैकी शिमला व सिंगापूर येथील कार्य काही वर्षांतच आटोपले. मुंबईचे चालू राहिले.

ह्या वेधशाळेचा मराठी विद्येशी असलेला संबंध लक्षात घेण्याजोगा आहे. एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेतील प्राध्यापक ऑर्लेबार ह्यांच्याकडे आरंभीची निरीक्षणे होती. आणि ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर ह्यांनी काही काळ वेधशाळेचा कार्यभार सांभाळला. पुढे गणित व ज्योतिष ह्या विषयांत नाव मिळविणारे केरो लक्ष्मण छत्रे ह्यांनीही तरुणपणी तेथेच साहाय्यक म्हणून काम केले. मराठी वृत्तपत्राचा पाया घालणारा पुरुष आणि मराठीत ग्रहगणिताची कोष्टके सिद्ध करणारा पुरुष हे दोघेही ह्या एका वास्तूशी निगडित होते, हा केवळ योगायोग नव्हे. दोन्ही कार्यांना नियमितपणे लिहून ठेवण्याची आणि लिहिलेले छापून लोकांसमोर ठेवण्याची एकच शिस्त लागते.

त्या शिस्तीचे स्वरूप साधे परंतु कष्टप्रद होते. डब्लिनच्या ग्रब ह्यांनी बनविलेल्या यंत्रात चुंबक टांगलेला असे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात किंचित बदल झाला तरी तो वळे, आणि ते वळण दुर्बिणीतून मोजपट्टीवर वाचावयाचे असे. छायाचित्राच्या साह्याने आपोआप आलेख उमटविणारी यंत्रे कुलाब्यास १८७२ मध्ये आली. तोपर्यंत दर तासाला, रात्रंदिवस, मनुष्यानेच डोळा लावून आकडा वाचावा व वहीत लिहावा अशी पद्धती होती. क्षेत्र अस्वस्थ दिसू लागले की वाचनांमधील अंतर मिनिटांवर आणावे असाही नियम होता. ह्या आकड्यांचा व्यवहारात काय उपयोग होणार हे वाचणाऱ्याला ठाऊक नव्हते, आणि नेमणूक करणाऱ्यालाही फारसे ठाऊक नव्हते. नौकानयनासाठी होकायंत्राचे ज्ञान सुधारावे एवढाच व्यावहारिक हेतू सांगण्यासारखा होता.

(३)

१८५९ च्या सप्टेंबर महिन्याच्या पहिल्या तारखेस दुपार होण्यापूर्वी इंग्लंडातील रेडहिल येथे रिचर्ड कॅरिंग्टन हा ज्योतिर्विद सूर्यावरील डागांचे चित्र काढीत होता. डागांच्या एका मोठ्या समूहावर त्याला दोन अतितेजस्वी ठिपके दिसले आणि काही मिनिटांतच ते मावळले. हॉजसन ह्या दुसऱ्या निरीक्षकानेही ते स्वतंत्रपणे पाहिले. सूर्यावरील स्फोटाची ही पहिली नोंद होय. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र विलक्षण क्षुब्ध झाले. एरवी ध्रुवाजवळच दिसणारा ध्रुवप्रकाश क्यूबा व हवाई ह्या बेटांपर्यंत दिसला. तारायंत्रांच्या तारांतून आपोआप विद्युत्प्रवाह वाहू लागला. अमेरिकेत बोस्टन व पोर्टलंड ह्यांच्यामधील तारमास्तरांनी विद्युत्घट तोडून केवळ त्या प्रवाहावर संदेश पाठविले.

मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती. वेधशाळेचे प्रमुख त्या वेळी फर्ग्युसन हे होते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा जो क्षितिजसमांतर घटक, त्याचे मान दुपारपूर्वीच्या काही तासांत झपाट्याने उतरले. एकूण घट सुमारे १६०० नॅनोटेस्ला, म्हणजे त्या घटकाच्या सुमारे चार टक्के होती. आकडा लहान वाटतो. परंतु सामान्य चुंबकीय वादळात ही घट शंभराच्या आसपास असते हे ध्यानी घेतले असता तिची तीव्रता कळून येते. लंडनजवळील क्यू येथील स्वयंलेखी यंत्राचा आलेख कागदाच्या बाहेर गेला. कुलाब्यास मात्र यंत्राशेजारी बसलेला माणूस काही मिनिटांच्या अंतराने आकडा वाचीत राहिला, आणि ते आकडे पुढील वर्षी वेधशाळेच्या वार्षिक ग्रंथात छापले गेले. त्या दिवशी यंत्रापाशी कोण बसले होते हे ग्रंथाच्या कोष्टकांतून दिसत नाही. कोष्टकात दिसते ती केवळ त्याची सावधानता.

ही नोंद मौल्यवान ठरण्यास मुंबईचे भौगोलिक स्थानही कारणीभूत आहे. चुंबकीय वादळात विद्युद्भारित कणांचे एक वलय पृथ्वीला विषुववृत्ताच्या पातळीत वेढून राहते व त्याच्या प्रवाहामुळे भूपृष्ठावरील क्षेत्र दुबळे होते. ध्रुवाजवळच्या ठिकाणी ध्रुवप्रकाशाचे प्रवाह ह्या परिणामात मिसळतात. चुंबकीय विषुववृत्ताच्या अगदी लगत दिवसा वाहणारा दुसराच एक प्रवाह मिसळतो. मुंबई ह्या दोहोंपासून दूर असल्यामुळे वादळाचे मूळ स्वरूप तेथे तुलनेने निर्भेळ उमटते.

ह्या नोंदीचे पुढे काय झाले? जवळजवळ दीडशे वर्षे काहीच झाले नाही, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील अभ्यासकांनी अमेरिका व ब्राझील येथील सहकाऱ्यांसह हे जुने आकडे बाहेर काढून त्यांचे नव्याने विवेचन केले. त्यावरून १८५९ च्या वादळाची तीव्रता संख्येने मांडणे शक्य झाले. ह्या अनुमानांत पुढे इतर अभ्यासकांनी दुरुस्त्या सुचविल्या आहेत. सूर्यापासून येणारे मोठ्यात मोठे संकट किती मोठे असू शकते ह्या प्रश्नाच्या चर्चेत मात्र कुलाब्याचे हे कोष्टक आजही आधारभूत मानले जाते.

(४)

ही परंपरा विसाव्या शतकाच्या आरंभी तुटण्याच्या बेतात आली होती. मुंबईच्या घोड्यांच्या ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचा विचार पक्का झाला. विजेच्या ट्रामला पुरविलेला प्रवाह रुळांवाटे परत जातो आणि त्यातील काही भाग जमिनीत झिरपतो. गाड्या जसजशा थांबतात व निघतात तसतसा हा झिरपणारा प्रवाह कमीजास्त होतो. त्यामुळे निर्माण होणारी चुंबकीय खळबळ सूर्यजन्य सूक्ष्म बदलांना झाकून टाकण्यास पुरेशी असते. शहराची सोय आणि साठ वर्षांच्या नोंदी ह्यांच्यामध्ये असा विरोध उभा राहिला.

वेधशाळेचे प्रमुख त्या वेळी नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस हे होते. १८५९ मध्येच जन्मलेले मूस १८९६ मध्ये ह्या पदावर आले. ते वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक होत. ट्रामला विरोध करीत बसण्यापेक्षा निरीक्षणे दुसरीकडे हलविणे त्यांनी श्रेयस्कर मानले आणि मुंबईच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरांवरील अलिबागची निवड झाली. तेथील वास्तू उभारताना लोखंडासारखे चुंबकीय गुणाचे द्रव्य कटाक्षाने टाळण्यात आले. ह्यापेक्षाही महत्त्वाचा निर्णय कालविषयक होता. अलिबागेस निरीक्षणे १९०४ मध्ये सुरू झाली, तरी कुलाब्याची लगेच बंद करण्यात आली नाहीत. १९०६ पर्यंत सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचने घेण्यात आली. त्यामुळे दोन स्थानांमधील नेमका फरक कळला आणि जुनी मालिका नव्या मालिकेशी जोडता आली. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावू लागली, तोपर्यंत सांधा जुळविण्याचे काम पुरे झाले होते.

त्यानंतर मूस ह्यांनी १८४६ ते १९०५ ह्या कालखंडातील कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी सविस्तर विवेचनासह दोन भागांत सिद्ध करून १९१० मध्ये प्रसिद्ध केल्या. चुंबकीय वादळ कसे सुरू होते, क्षेत्र कसे उतरते आणि नंतर हळूहळू कसे पूर्वपदावर येते ह्याचे सरासरी चित्र त्यांनी अनेक वादळांच्या आकड्यांवरून काढून दाखविले. सिडनी चॅपमन ह्यांच्यासारख्या पुढील संशोधकांनी चुंबकीय वादळांची उपपत्ती मांडताना ज्या सामग्रीचा आधार घेतला तीत ह्या ग्रंथाचा समावेश होतो.

मूस ह्यांच्या कार्यातून नोंदीच्या उपयुक्ततेच्या तीन अटी स्पष्ट होतात. पहिली अखंडता: मालिका मध्येच तुटता कामा नये. दुसरी तुल्यता: साधन किंवा स्थान बदलले तर जुन्या व नव्या मापांचा संबंध प्रस्थापित झाला पाहिजे. तिसरी प्रसिद्धी: आकडे वहीत पडून न राहता इतरांना वाचता येतील अशा रूपाने उपलब्ध झाले पाहिजेत. ह्यांपैकी एक अट जरी सुटली असती तरी २००३ चे पुनर्वाचन शक्य झाले नसते.

अलिबागचे कार्य आजतागायत चालू आहे. १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली आणि तिच्या वेधशाळांची साखळी देशभर पसरली. तीत नागपूरचाही समावेश आहे. देशाच्या मध्यभागी असलेल्या ह्या केंद्रातील नोंदींमुळे किनाऱ्यावरील अलिबागच्या नोंदींना अंतर्भागातील जोड मिळते.

(५)

ह्या दीर्घ परिश्रमांचे व्यावहारिक मोल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रत्ययास आले. १३ मार्च १९८९ रोजी आलेल्या चुंबकीय वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीजव्यवस्था कोसळली व सुमारे ६० लाख लोक नऊ तासांपर्यंत अंधारात राहिले. १८५९ चे वादळ ह्याहून कितीतरी प्रबळ होते. परंतु तेव्हा त्याच्या कचाट्यात सापडण्याजोगी वस्तू तारायंत्राव्यतिरिक्त फारशी नव्हती. म्हणजे संकटाचे स्वरूप तेच राहिले. मनुष्याने स्वतःचे घर मात्र त्याच्या वाटेवर बांधले.

उपग्रहांच्या बाबतीत हा धोका आणखी एका मार्गाने पोहोचतो. चुंबकीय वादळात वातावरणाचे सर्वांत वरचे थर तापतात व फुगतात. त्यामुळे खालच्या कक्षांतील उपग्रहांना अधिक अवरोध होऊन ते खाली येऊ लागतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील एका कंपनीने सोडलेल्या स्टारलिंक मालिकेतील ४९ उपग्रहांपैकी ३८ उपग्रह असे गमावले गेले, आणि ते वादळ काही फार मोठे नव्हते. १० व ११ मे २०२४ रोजी त्याहून पुष्कळ तीव्र वादळ आले. त्या वेळी लडाखमधील हानले येथून ध्रुवप्रकाशाची तांबूस आभा छायाचित्रांत टिपली गेली.

अशा वादळाची आगाऊ वार्ता मिळविण्यासाठी निरीक्षक आता पृथ्वीबाहेर नेऊन बसविला आहे. भारताचे आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी सोडण्यात आले. कुलाब्याच्या त्या ऐतिहासिक नोंदीचा मासदिवस तोच होता. ६ जानेवारी २०२४ रोजी हे यान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरांवरील नियोजित स्थानी पोहोचले. सूर्याची जंबुपार किरणांत चित्रे घेणारी त्यावरील दुर्बीण पुण्याच्या आयुका ह्या संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झाली आहे. त्याच यानावर चुंबकीय क्षेत्र मोजणारे यंत्रही आहे. त्या ठिकाणी मोजलेला सौरवात पृथ्वीपर्यंत येण्यास सामान्यतः तासाभराचा अवधी लागतो. यंत्रणा सुरक्षित स्थितीत नेण्यास तेवढा अवधी मिळणे हेही थोडे नव्हे. तथापि यानावरील आकड्याचा अर्थ लावावयाचा तो भूपृष्ठावरील दीर्घ मालिकेशी ताडूनच. किती आकडा म्हणजे काळजीचा, हे यान सांगत नाही. ते अलिबागसारख्या ठिकाणची दीर्घ स्मृती सांगते.

(६)

सूर्याकडून येणारे संकट अदृश्य असते. उरलेली दोन संकटे डोळ्यांना दिसतात, आणि त्या दोहोंचेही पुरावे विदर्भाने पाहिले आहेत.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर हे त्यांतील सर्वांत प्राचीन. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर बेसाल्ट खडकात आघाताने निर्माण झालेल्या विवरांचे पृथ्वीवरील प्रसिद्ध उदाहरण होय. लोककथेने त्याचा संबंध लवणासुराच्या वधाशी जोडला आणि गावाचे नावही त्याच कथेशी निगडित झाले. शास्त्रज्ञांत ते ज्वालामुखीजन्य की आघातजन्य हा वाद पुष्कळ वर्षे चालला. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तेथील खडकांतील खनिजांवर प्रचंड आघातदाबाच्या खुणा आढळल्याने आघाताचा पक्ष सिद्ध झाला. त्याच्या वयाविषयी मात्र एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे व दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे असे अत्यंत भिन्न निष्कर्ष निघाले आहेत. पाहणारा कोणी नव्हता, लिहिणारा कोणी नव्हता. अशा घटनेचा काळ ठरविताना दहा पटींचा फरक पडतो.

दुसरे उदाहरण नागपूर जिल्ह्यातीलच आहे. २२ मे २०१२ रोजी दुपारी काटोल व आसपासच्या भागात आकाशातून पाषाणवर्षाव झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य विभागाचे कार्यालय नागपुरातच असल्यामुळे तुकड्यांचा संग्रह व परीक्षण त्वरेने होऊ शकले. पुढे ह्या अशनीत ब्रिजमनाइट हे खनिज नैसर्गिक रूपात आढळल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पृथ्वीच्या खोल अंतर्भागात हे खनिज विपुल असते, पण भूपृष्ठावर टिकत नाही. अवकाशात झालेल्या टकरीच्या दाबाखाली ते त्या पाषाणात निर्माण झाले होते. तुकडा वेळेवर उचलला गेला आणि त्याचे स्थान व काळ लिहिले गेले, म्हणून शेतात पडलेला दगड पृथ्वीच्या अंतरंगाचा साक्षीदार ठरला.

तिसरी घटना २ एप्रिल २०२२ ची. त्या दिवशी गुढीपाडवा होता. सायंकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भातील व मध्य प्रदेशातील अनेक लोकांनी जळत जाणाऱ्या प्रकाशरेषा आकाशात पाहिल्या. त्यानंतर चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडलेले आढळले, आणि परिसरात धातूचे पोकळ गोलही सापडले. ते कडे सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात ठेवण्यात आले आणि भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी येऊन पाहणी केली. चीनने २०२१ मध्ये सोडलेल्या चांग झेंग ३बी ह्या प्रक्षेपकाच्या तिसऱ्या टप्प्याचे हे अवशेष असावेत असे कक्षांचा अभ्यास करणाऱ्यांचे अनुमान आहे. सुदैवाने कोणास इजा झाली नाही.

असे अवशेष कोठे पडतील हे आधी सांगता येत नाही काय, असा प्रश्न तेव्हा स्वाभाविकपणे विचारला गेला. त्याचे उत्तर वर आलेल्या विवेचनात आहे. कक्षेतील वस्तू सेकंदाला साडेसात किलोमीटरांच्या आसपास वेगाने जाते. तिच्या पतनाची वेळ सांगण्यात एका मिनिटाची चूक झाली तर स्थानात सुमारे ४५० किलोमीटरांची चूक होते. वेळ अवलंबून असते ती वातावरणाच्या वरच्या थरांच्या घनतेवर, आणि ती घनता सूर्याच्या क्षोभानुसार पालटते. अशा रीतीने कुलाब्यास मोजली जाणारी अदृश्य खळबळ आणि लाडबोरीस पडलेले दृश्य कडे हे एकाच साखळीचे दुवे आहेत. १९७९ च्या जुलैत स्कायलॅब ही अमेरिकन प्रयोगशाळा कोसळणार ह्या वार्तेने भारतात भीती पसरली होती, तेव्हाही अंदाज अशाच अनिश्चिततेत सापडला होता. तिचे अवशेष अखेर हिंदी महासागरात व पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले.

आज पृथ्वीभोवती नोंद ठेविली जात असलेल्या वस्तूंची संख्या तीस हजारांच्या वर गेली आहे. २००७ मध्ये चीनने स्वतःचा एक उपग्रह क्षेपणास्त्राने फोडल्याने आणि २००९ मध्ये इरिडियम व कॉसमॉस मालिकांतील दोन उपग्रह एकमेकांवर आदळल्याने तीत मोठी भर पडली. मार्च २०१९ मध्ये भारतानेही उपग्रहभेदी चाचणी केली. ती कमी उंचीवर केल्याने बहुतेक तुकडे लवकर खाली आले, तरी काहींना अधिक काळ लागला. टकरी टाळण्यासाठी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने नेत्र हा प्रकल्प हाती घेतला असून बंगळुरू येथे २०२२ मध्ये त्यासंबंधीचे केंद्र सुरू केले. १४ जुलै २०२३ रोजी चंद्रयान-३ चे उड्डाण नियोजित क्षणापेक्षा चार सेकंद उशिरा करण्यात आले, ते वाटेत येऊ शकणाऱ्या वस्तूशी गाठ पडू नये म्हणून. मुहूर्त साधण्याची ही नवी रीत सर्वस्वी नोंदवहीवर अवलंबून आहे: जी वस्तू वहीत नाही तिच्यासाठी चार सेकंद थांबता येत नाही.

अशनींच्या बाबतीतही हेच. फेब्रुवारी २०१३ मध्ये रशियातील चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटर आकाराचा पाषाण फुटून सुमारे १५०० लोक जखमी झाले. सूर्याच्या दिशेने आल्यामुळे तो आधी कोणाच्या दृष्टीस पडला नव्हता. १६ ऑगस्ट २०२० रोजी पृथ्वीपासून सुमारे २९५० किलोमीटरांवरून एक लघुग्रह निघून गेला. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील विद्यार्थ्यांनी पालोमार येथील दुर्बिणीच्या सामग्रीत तो ओळखला, परंतु तो निघून गेल्यावर. उलट डिसेंबर २०२४ मध्ये सापडलेल्या सुमारे ६० मीटर आकाराच्या एका लघुग्रहाची २०३२ मध्ये पृथ्वीवर आदळण्याची संभाव्यता काही काळ तीन टक्क्यांपर्यंत गेली होती, आणि संभाव्य पट्ट्यात अरबी समुद्र व दक्षिण आशियाही येत होते. निरीक्षणे वाढत गेली तसतसा हा धोका फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस जवळजवळ शून्यावर आला. भय कमी झाले ते मोजण्याने.

(७)

ह्या इतिहासावरून मराठी अभ्यासकांपुढे एक कार्य स्पष्टपणे उभे राहते. कुलाब्याचे यश यंत्रातील आकड्यांचे होते. परंतु यंत्राच्या पूर्वीच्या काळासाठी शब्द हीच नोंद असते. चीन, कोरिया व जपान येथील जुन्या बखरींतून आकाश लाल झाल्याच्या नोंदी वेचून तेथील संशोधकांनी प्राचीन सौरवादळांच्या तारखा ठरविल्या आहेत. ४ फेब्रुवारी १८७२ च्या महावादळात मुंबईहून ध्रुवप्रकाश दिसल्याची वार्ता तत्कालीन वृत्तपत्रात आली होती, आणि आजचे शास्त्रज्ञ ती कुलाब्याच्या आलेखाशी ताडून पाहतात. मोडी दफ्तरे, जमाखर्चाच्या वह्या, तिथीवार शकावल्या आणि एकोणिसाव्या शतकातील मराठी नियतकालिके ह्यांच्याकडे ह्या दृष्टीने पाहिले पाहिजे. ‘तारा तुटला’, ‘शेंडेनक्षत्र’, ‘उत्पात झाला’, ‘आकाश रक्तवर्ण दिसले’ असे शब्द वाचताना त्यांकडे केवळ श्रद्धेचा किंवा अंधश्रद्धेचा पुरावा म्हणून न पाहता दिनांक, प्रहर व दिशा ह्यांसह असलेले निरीक्षण म्हणून पाहणे अगत्याचे आहे. ह्यासाठी भाषेच्या अभ्यासकाचे साह्य लागेल, कारण एकच शब्द कोठे उल्केला, कोठे धूमकेतूला व कोठे केवळ विजेला लावला आहे हे संदर्भावरूनच ठरवावे लागते.

वर्तमानकाळासाठीही ह्याच तीन अटी लागू पडतात. सिंदेवाहीच्या घटनेची जी माहिती जमा झाली ती पोलिसांच्या कागदांत, वृत्तपत्रांत आणि लोकांच्या दूरध्वनींतील चित्रांत विखुरलेली आहे. प्रकाशरेषा कोणी कोठून, कोणत्या दिशेस आणि किती वाजता पाहिली हे एका नमुन्यात लिहून घेतले गेले, तर पुढील प्रसंगी पतनमार्ग काढण्यास त्याचा प्रत्यक्ष उपयोग होईल. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशा अवशेषांनी भूपृष्ठावर केलेल्या हानीचे दायित्व प्रक्षेपण करणाऱ्या राष्ट्रावर निरपवादपणे येते. १९७८ मध्ये कॉसमॉस-९५४ हा अणुशक्तीवर चालणारा उपग्रह कॅनडात कोसळल्यावर सोव्हिएट संघाने त्यापोटी ३० लाख डॉलर दिले. परंतु दायित्व सिद्ध करावयाचे तर वस्तू कोणाची, ती केव्हा व कोठे पडली, हे नोंदीवरूनच दाखवावे लागते. ज्याच्या शेतात कडे पडते त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने नोंद म्हणजे विद्वत्तेचा विषय नसून न्यायाचे साधन आहे.

कुलाब्याच्या यंत्रापाशी १८५९ मध्ये बसलेल्या माणसाला उपग्रह ठाऊक नव्हते. त्याने आकडा वाचला, लिहिला व पुढच्या वाचनाची वाट पाहिली. ह्या इतिहासाचा निष्कर्ष तेवढाच आहे: ज्यांचे वेध एका पिढीने घेतले त्यांचेच वेध पुढच्या पिढीला वेळेवर लागू शकतात, आणि जी वही आज कोरी राहील तिचे उत्तर उद्याच्या कोणत्याही यंत्राला देता येणार नाही.